शत्रूचे शव आणि अभिजात वाङ्मय

ग्रीक व रोमन वाङ्मयाचा विषय निघाला की, 'रामायण-महाभारत घरात असता परक्याच्या दारी कशाला जावे?' असा प्रश्न हटकून विचारला जातो. देवळातील पुराण-कीर्तन ऐकत वाढलेल्या समाजाने तो विचारावा यात वावगे काही नाही. मात्र त्याचे उत्तर स्तुतिपाठाने न देता एखाद्या प्रसंगाच्या आधारे दिले पाहिजे.

मुळात हे परकेपण वाटते तितके खरे नाही. पहिल्या शतकातील एका ग्रीक प्रवासग्रंथात आमच्या सुरतेजवळचे भडोच 'बारिगाझा' या नावाने येते आणि तेथे माल पाठविणारी पैठण व तेर ही नगरेही त्यात आहेत. इसापाच्या गोष्टी मराठी मुलांनी केव्हाच आपल्याशा केल्या. विंदा करंदीकरांनी १९५७ साली ॲरिस्टॉटलचे काव्यशास्त्र मराठीत आणले, पु. ल. देशपांडे यांनी १९७९ साली 'राजा ओयदिपौस'. पर्वत पाटियासारख्या वस्तीत, गुजराती शेजारात राहून मराठी-कोंकणी जपणाऱ्या वाचकालाही हे दार उघडे आहे.

आता प्रसंग घेऊ. शत्रूच्या शवाचे काय करावे? रावण पडल्यावर बिभीषण त्याचे अंत्यसंस्कार करण्यास कचरतो. वैराची मर्यादा मृत्यूपर्यंतच, हे राम त्यास समजावतो व संस्कार करवून घेतो. आपल्या परंपरेने या प्रश्नाचा निकाल असा स्वच्छ दिला आहे.

सोफोक्लीजच्या 'अँटिगनी'त (इ. स. पू. ४४१ च्या सुमारास) हाच प्रश्न सिंहासनावरील माणसाला सुटत नाही. स्वतःच्या नगरावर चालून आलेल्या पॉलिनायसीसचे प्रेत उघड्यावर टाकावे, अशी राजा क्रेऑनची आज्ञा आहे. बहीण अँटिगनी ती मोडून त्यावर माती टाकते. वकिली पेशातील माणसाला येथे एक गोष्ट विशेष जाणवते. नाटककाराने क्रेऑनची बाजू दुबळी ठेवलेली नाही. नुकतेच वेढ्यातून सुटलेले नगर, देशद्रोह, राज्याची शिस्त, हे सारे मुद्दे त्याच्यापाशी आहेत. ते ऐकताना आपणही क्षणभर मान डोलावतो. त्याला उपरती होते तेव्हा उशीर झालेला असतो. अँटिगनी, पुत्र व पत्नी, तिघेही गेलेली असतात.

होमरच्या 'इलियड'च्या चोविसाव्या सर्गात वृद्ध प्रायम आपल्या पुत्राला मारणाऱ्या अकिलीजच्या तंबूत शिरून त्याचे हात चुंबतो व हेक्टरचे शव मागतो. दोघेही रडतात, एक पुत्रासाठी, दुसरा पिता व मित्र यांसाठी. शव परत मिळते आणि हेक्टरच्या अंत्यविधीने काव्य संपते. रोमन कवी व्हर्जिल याहून कठोर आहे. 'ईनिड'च्या अखेरीस पराभूत टर्नस जीवदान, ते नसेल तर निदान आपले शव स्वकीयांना मिळावे, अशी याचना करतो. क्षणभर थबकलेला ईनियस मित्राचा पट्टा त्याच्या अंगावर पाहून संतापतो व त्याला ठार करतो. शवाचे पुढे काय झाले, हे कवी सांगत नाही.

या वाङ्मयाची देणगी मला येथे दिसते. रामाचा निर्णय आपण इतक्या लहानपणी ऐकतो की तो किती अवघड होता, याची जाणीव उरत नाही. क्रेऑन आणि ईनियस ती जाणीव परत आणून देतात. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९५ च्या एका निर्णयात, घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील प्रतिष्ठेचा हक्क मृतदेहालाही आहे, असे म्हटले. जे संस्काराने आपल्याला माहीत होते ते न्यायालयाला सांगावे लागते, याचा अर्थ क्रेऑन आजही आपल्यात वावरत आहे. एखाद्या समाजाने, गावाने वा कुटुंबाने कुणाच्या मयताला खांदा नाकारला, तर त्याच्यापाशीही कारणे असतातच, आणि ती ऐकायला सयुक्तिकही वाटतात.

म्हणून ज्यांनी रामकथा मनापासून ऐकली आहे, त्यांनी 'अँटिगनी' अवश्य वाचावी. घरच्या ग्रंथाचे मोल त्याने कमी होणार नाही. बिभीषणाला समजावणाऱ्या रामाचे शब्द पुढल्या कीर्तनात अधिक लक्ष देऊन ऐकले जातील.