यमूचा वाडा आणि उसाचा फड

हा अंक वाचकांच्या हाती पडेल त्या सुमारास नांदगाव तालुक्यातील कितीतरी घरांना कुलपे लागलेली असतील. गिरणेचे मोठे धरण याच तालुक्यात. पण येथील बरीचशी शेती पावसाच्याच भरवशावर. खरीप हाती आले न आले तोच बिऱ्हाडे ऊसतोडीला निघतात आणि चार-पाच महिने फडाशेजारच्या कोपीत काढतात. त्या बिऱ्हाडांत एखादी पंधरा-सोळा वर्षांची मुलगी असते. लग्न नुकतेच झालेले, आणि दिवस राहिलेले. मराठी वाङ्मयाने तिला कोठे जागा दिली, एवढाच येथे प्रश्न आहे.

बालवधू आपल्या कादंबरीला परकी नाही. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षांत कोण घेतो?' 'करमणूक'मधून १८९० पासून क्रमशः येऊ लागली. १८९१ साली संमतिवयाची मर्यादा दहावरून बारावर गेली, त्याच वादळातली ही कृती. हरिभाऊंचे मोठेपण केवळ त्यांच्या करुणेत नाही. त्यांनी यमूला 'मी' म्हणू दिले, यात ते आहे. यमूला वाडा होता, लिहिणेवाचणे येत होते, आणि वाचकाला राग काढावयास शंकरमामंजी होते.

उसाच्या फडातील मुलीपाशी यांपैकी काहीच नाही. तेथे नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर. एकट्या पोराचा अर्धाच कोयता धरतात. इकडे वाढती मुलगी गावी कोणाच्या भरवशावर ठेवावी, ही आईबापांना धास्ती. दोन्ही अडचणींवर एकच तोड निघते : लग्न. मुलीचे वय अठरा असावे हा कायदा १९७८ पासूनचा. तरी २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी शेकडा सुमारे २२ जणींची लग्ने अठराच्या आत झालेली आढळली. या कथेत बोट दाखवावे असा एकटा खलपुरुष सापडत नाही, आणि खलपुरुषावाचून आपल्या कथाकाराचे पाऊल अडते.

आपले ग्रामीण साहित्य वेशीच्या आत रमते. माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५) घ्या. दुष्काळ पडतो, वाडी जगावयास बाहेर पडते, आणि कादंबरी संपते. त्या कृतीचा तो यथोचित शेवट आहे. परंतु पुढील लेखकांनी जणू तेथेच सीमा मानली. ऊसतोडीवर लेखन झालेच नाही असे नाही. त्यात मुकादमाचा जुलूम येतो, उचलीचा फास येतो. ही मुलगी मात्र बहुधा पार्श्वभूमीला उभी असते. गावच्या आशाताईच्या वहीत तिचे नाव असते. बिऱ्हाड हलले की पुढची तपासणी, लोहाच्या गोळ्या, सारे मागे राहते. वहीतून ती ज्या ठिकाणी गळते, त्याच ठिकाणी कथेतूनही गळते.

आता कोणी तिच्यावर लिहील तर एक भीती आहे. तो तिला फडातच बाळंत करील, मारील, आणि वाचकाचे डोळे ओले करील. वैद्यक सांगते ते ऐकावे. कोवळ्या वयाच्या मातेला रक्तदाब वाढून झटके येण्याचा आणि जंतुसंसर्गाचा धोका अधिक. मूल अपुऱ्या दिवसांचे किंवा अडीच किलोंहून कमी भरण्याचा संभवही अधिक. त्यात कोणी दगावतातही. पण पुष्कळ जणी जगतात, आणि खरी कथा त्या जगण्यात आहे. डोक्यावरची मोळी, बांधावरची झोळी, अंगात नसलेले रक्त, पुढच्या हंगामात पुन्हा राहिलेले दिवस. ही झीज एका प्रसंगात मावत नाही. तिला वर्षांचा पट लागतो. म्हणून हा विषय लघुकथेपेक्षा कादंबरीचा आहे.

ती कादंबरी लिहावी कोणी? सहानुभूती असलेल्या लेखकाने अवश्य लिहावी. परंतु यमूचा 'मी' हरिभाऊंना उसना द्यावा लागला. सव्वाशे वर्षांनंतरही तो उसनाच असावा काय? स्थलांतर करणाऱ्यांच्या मुलांसाठी गावीच हंगामी वसतिगृहे चालविण्याची सोय सरकारने केली आहे. एखादी मुलगी तेथे राहून दहावीच्या वर्गात बसली, तर तिचे लग्न लांबते, बाळंतपण लांबते, आणि हातात कोयत्याऐवजी लेखणी राहते. त्या कादंबरीचे पहिले पान नांदगावच्या एखाद्या शाळेत, हजेरीच्या वहीवरच लिहिले जाणार आहे.