बेणारेबाईंचा खटला : एक पुनर्वाचन

मराठी नाट्यवाङ्मयात न्यायालयाचा प्रवेश नवा नाही. परंतु ज्या नाटकात न्यायालय हा केवळ प्रवेश न राहता नाटकाचा आशयच होऊन बसला, असे नाटक म्हणजे विजय तेंडुलकर यांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’. १९६७ साली ‘रंगायन’ने अरविंद देशपांडे यांच्या दिग्दर्शनाखाली ते रंगभूमीवर आणले आणि सुलभा देशपांडे यांनी त्यातील लीला बेणारे उभी केली, त्याला आता अर्धशतकाहून अधिक काळ लोटला. मध्यमवर्गाचा दांभिकपणा, स्त्रीची कुचंबणा, समूहाचे क्रौर्य ही या नाटकाची सूत्रे आपल्यापैकी अनेकांनी वर्गात शिकविली आहेत. ती चुकीची नाहीत. तथापि त्यांच्या आड एक साधी गोष्ट दुर्लक्षित राहिली असे आम्हांस वाटते. हे नाटक कोर्टाविषयीही आहे. आणि आरोपीला कोर्टापासूनच कशाकशाने वाचवावे लागते, याचा इतका नेमका पाठ मराठीत क्वचितच सापडेल.

कथानक सर्वपरिचित आहे. मुंबईच्या एका वस्तीतील हौशी मंडळी अभिरूप न्यायालयाचा कार्यक्रम करण्यासाठी एका गावी येतात. रात्री अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन यांच्यावर अण्वस्त्रांबद्दल खटला चालवावयाचा आहे. गावातल्या सामंतांना कोर्टाची रीत समजावी म्हणून दुपारी गंमत म्हणून दुसरा एक खटला मांडला जातो, आणि आरोपी म्हणून शिक्षिका बेणारेबाईंची निवड होते. गमतीचे पर्यवसान शिकारीत होते.

यावरून पुष्कळदा असे म्हटले जाते की, तेंडुलकरांनी येथे न्यायसंस्थेचे विडंबन केले. आम्हांस हे मत मान्य नाही. विडंबनात मूळ वस्तूचे दोष मोठे करून दाखविलेले असतात. येथे मात्र जे भयंकर घडते ते कोर्टाचे नियम पाळल्यामुळे घडत नाही. नियमांचे कवच एकेक करून काढून टाकल्यामुळे घडते. शपथ आहे, पिंजरा आहे, न्यायासन आहे, शांततेची आज्ञा आहे. नाही ते फक्त आरोपीचे संरक्षण. कोर्टाचा विधी शिल्लक राहिला आणि त्यातील विवेक निघून गेला, तर मागे काय उरते, हे नाटककाराने दाखविले आहे.

प्रथम आरोपच पाहा. बेणारेबाईंवर भ्रूणहत्येचा आरोप ठेवला जातो. पुढे साक्षी होतात, पण त्या आरोपाला एकही साक्षीदार स्पर्श करीत नाही. चौकशी सरकत सरकत बाईंच्या खाजगी आयुष्यावर येते, आणि न कळत आरोपच बदलतो : अविवाहित असून त्या माता होणार आहेत, हाच गुन्हा ठरतो. नाटक लिहिले गेले त्या काळी १८९८ ची फौजदारी प्रक्रिया संहिता अमलात होती. आरोप बदलावयाचा असेल तर तो आरोपीस वाचून दाखविला पाहिजे व समजावून दिला पाहिजे, असे ती संहिता सांगत होती. हा नियम कोरडा वाटतो. पण ज्याला आपण कशाचे उत्तर द्यावयाचे हेच ठाऊक नाही, त्याला बचाव कसला करता येणार?

आता पुरावा. १८७२ च्या पुरावा अधिनियमाच्या ५४ व्या कलमानुसार आरोपीने स्वतः आपल्या चांगुलपणाचा पुरावा दिला नसेल, तर त्याचे वाईट चारित्र्य हा फौजदारी खटल्यात संबद्ध मुद्दा नव्हे. साठावे कलम सांगते की तोंडी पुरावा प्रत्यक्ष असला पाहिजे. आता हा खटला पाहा. कर्णिक बाईंच्या नातलगाकडून ऐकलेले सांगतात. काशीकर दुसऱ्याच्या घरी कानांवर पडलेल्या बोलण्यावरून तर्क बांधतात. सामंत तर हातातल्या कादंबरीच्या आधारे साक्ष रचतात. आणि विपरीत असे की, तीच साक्ष खटल्याला गती देते. पुराव्याच्या नावाखाली येथे जे काही गोळा होते ते सारे चारित्र्य आणि कर्णोपकर्णी. हा अधिनियम १ जुलै २०२४ पासून जाऊन त्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला आहे. परंतु ही दोन्ही तत्त्वे त्याने टाकून दिलेली नाहीत.

न्यायाधीश आणि वकील यांची गत याहून निराळी नाही. काशीकर न्यायासनावरून उठून साक्षीदाराच्या पिंजऱ्यात जातात, साक्ष देतात, आणि परत येऊन त्याच साक्षीवर निर्णय देतात. सुखात्मे फिर्यादी पक्षाचेही वकील आणि बचावाचेही; एका खुर्चीवरून उठून दुसरीवर बसले की पक्ष बदलला! आपल्या पसंतीच्या वकिलाकडून बचाव करून घेण्याचा हक्क संविधानाच्या २२ व्या अनुच्छेदाने अटक झालेल्या प्रत्येकास दिला आहे. त्या हक्काचा अर्थ एवढाच नव्हे की बचावाच्या खुर्चीत कोणीतरी बसावे. तेथे बसलेला मनुष्य आरोपीचा असला पाहिजे.

परंतु नाटकाचे मर्म आम्हांस बाईंच्या मौनात दिसते. दार बाहेरून अडकलेले असते, काशीकरबाई त्यांना ओढून पिंजऱ्यात आणतात, आणि त्यानंतर त्या प्रश्नांना उत्तर देत नाहीत. संविधानाच्या अनुच्छेद २० (३) प्रमाणे कोणत्याही आरोपीस स्वतःविरुद्ध साक्षीदार होण्याची सक्ती करता येत नाही. या कोर्टात मात्र मौन हीच कबुली मानली जाते. अखेर बचावाच्या निवेदनासाठी त्यांना दहा सेकंद मिळतात, आणि मग गर्भ नष्ट करण्याची शिक्षा होते. ज्या कृत्याच्या आरोपावरून खटला उभा राहिला, त्याच कृत्याची आज्ञा न्यायासन देते. यापेक्षा कठोर उपरोध मराठी नाटकात आम्हांस आठवत नाही.

येथेच एक शंका नोंदविणे आम्ही आवश्यक समजतो. त्या दहा सेकंदांत तेंडुलकर बाईंना एक दीर्घ स्वगत देतात. त्या वेळी इतर पात्रे निश्चल असतात. अर्थात कोर्टाला ते ऐकू जात नाही. प्रेक्षकांना मात्र सारे कळते, आणि त्यांची सहानुभूती तेव्हाच पूर्णपणे बाईंकडे वळते. मग प्रश्न असा की, बाईंनी आपले अंतरंग उघड केले नसते तर त्या आपल्या न्यायास पात्र ठरल्या नसत्या काय? मौनाचे रक्षण करणारे तत्त्व म्हणते की सिद्ध करण्याचा भार आरोप करणाऱ्यावर आहे. आरोपीने आपले निर्दोषत्व हृदय पिळवटून दाखविण्याची गरज नाही. या दृष्टीने पाहता स्वगताने प्रेक्षकालाही कबुलीजबाबाची चटक लावली, असे म्हणावेसे वाटते. स्वगताचे भाषासामर्थ्य निर्विवाद आहे. पण ते नसते तर प्रेक्षकाची कसोटी अधिक कठीण झाली असती.

नियमांचा भंग झाल्याने होणारा अन्याय हा असा. परंतु नियम पाळूनही अन्याय होतो, हे सांगितल्याशिवाय हा विचार एकांगी राहील. त्यासाठी चैतन्य ताम्हाणे यांचा २०१४ चा ‘कोर्ट’ हा चित्रपट या नाटकाशेजारी ठेवावा. त्यात वृद्ध लोकशाहीर नारायण कांबळे यांच्या गाण्यामुळे एका सफाई कामगाराने आत्महत्या केली, असा आरोप आहे. येथे बचावाचा वकील खरा आहे, उलटतपासणी होते, न्यायाधीश आपल्या जागेवरून हलत नाहीत. कोणी ओरडत नाही. केवळ तारखा पडतात. जामीन मिळतो, आणि शाहिरांना पुन्हा दुसऱ्या कायद्याखाली अटक होते. शेवटी कोर्टाला सुट्टी लागते. जलद खटला हा अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचाच भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने बिहारमधील कच्च्या कैद्यांच्या संदर्भात हुसैनारा खातून प्रकरणी १९७९ साली सांगितले होते. ते तत्त्व कागदावर असणे आणि कोठडीत पोहोचणे यांतील अंतर हा चित्रपट शांतपणे मोजतो. काशीकरांच्या कोर्टात बाईंना दहा सेकंद मिळाले. कांबळ्यांच्या कोर्टात वेळेला अंतच नाही. दोन्हीकडे आरोपीचा वेळ हा न्यायाधीशाच्या मर्जीचा प्रश्न होऊन बसला आहे.

बृहन्महाराष्ट्रातील आपणा वाचकांना यात आणखी एक गोष्ट जवळची वाटेल. बेणारेबाईंना निदान आपल्यावरील प्रत्येक शब्द कळत होता. ज्या प्रदेशात न्यायालयाची भाषा आपली नव्हे, तेथे पिंजऱ्यातील माणसाला तेवढाही दिलासा नसतो. म्हणूनच आरोपीस न समजणाऱ्या भाषेत दिलेला पुरावा त्याला समजणाऱ्या भाषेत सांगितला पाहिजे, असा नियम १९७३ च्या संहितेच्या २७९ व्या कलमात होता व नव्या संहितेतही तो ठेवलेला आहे. भाषेच्या हक्काची चर्चा आपण संमेलनांत करतो. तिचे सर्वांत निकडीचे स्थान कदाचित हे आहे.

वर्गात हे नाटक शिकविताना आम्ही आजवर ‘समाज कसा आहे’ असे विचारीत आलो. यापुढे आधी असे विचारावे : आरोप कोणता होता? तो कोणी पाहिला? बचाव कोणी केला? निर्णय देणारा त्रयस्थ होता काय? हे प्रश्न केवळ नाटकापुरते राहणार नाहीत. बेणारेबाई शिक्षिका होत्या, हे आपण विसरू नये. शिक्षकांच्या खोलीत, संस्थेच्या बैठकीत, गैरहजर सहकाऱ्याविषयी बोलताना अशी कोर्टे आपणही भरवतो, आणि तेथे पिंजरा दिसत नसल्यामुळे त्याला कोर्ट म्हणत नाही. नाटकाच्या अखेरीस मंडळी बाईंना सांगतात की हा तर खेळ होता, आणि रात्रीच्या कार्यक्रमाच्या तयारीला लागतात. बाई मात्र पडून राहतात.