दिव्याच्या खोक्यावरचे वॅट आणि पोवळ्याची भूक

कोल्हापुरातील एका शिक्षकमित्रांनी मध्यंतरी आम्हांला एक प्रश्न विचारला. शाळेच्या प्रयोगशाळेत खाऱ्या पाण्याची काचेची टाकी करून तीत जिवंत पोवळी ठेवायची झाली, तर तिच्यावर दिवा कोणता लावावा? त्यांच्याजवळ दुकानातून मिळालेले एक माहितीपत्रक होते. त्यातला सल्ला तीन वाक्यांत सांगता येईल : पाण्याच्या दर लिटरमागे एक वॅट घ्या, दिवा जितका निळसर तितका चांगला, शंका वाटल्यास अधिक प्रखर दिवा निवडा. सल्ला सुटसुटीत आहे आणि म्हणूनच तो सर्वत्र पसरला आहे. तो विज्ञानाच्या कसोटीला उतरतो का, हे आपण पाहू.

मुळात पोवळ्याला प्रकाश लागतो कशासाठी? पोवळे हा प्राणी आहे. त्याला प्रकाशसंश्लेषण करता येत नाही. परंतु त्याच्या शरीरातील पेशींत झूझँथेली नावाचे एकपेशीय शैवाल राहते. हे शैवाल प्रकाशाच्या साहाय्याने अन्न तयार करते आणि त्यातला मोठा वाटा यजमानाला देते. म्हणजे दिवा निवडताना आपण प्राण्यासाठी उजेड निवडत नसून शैवालासाठी अन्नाची सोय करत असतो. ही गोष्ट लक्षात ठेवली की माहितीपत्रकातील उणिवा आपोआप दिसू लागतात.

पहिला नियम वॅटचा. वॅट हे एकक दिवा दर सेकंदाला किती वीज खातो ते सांगते. किती प्रकाश देतो ते सांगत नाही. ९ वॅटचा एलईडी दिवा जुन्या ६० वॅटच्या तारेच्या दिव्याच्या तोडीचा उजेड देतो, हे आता घरोघरी ठाऊक आहे. लिटरमागे वॅट मोजण्याची पद्धत नळीच्या दिव्यांच्या काळातली. तेव्हा सर्वांचे दिवे एकाच जातीचे असल्याने ती कशीबशी चालून जाई. आज तिला अर्थ उरलेला नाही. शिवाय ती टाकीची खोलीही विचारात घेत नाही. शंभर लिटरची उथळ टाकी आणि शंभर लिटरची उंच टाकी यांच्या तळाशी पोहोचणारा प्रकाश सारखा कसा असेल?

मग ल्यूमेन पाहावेत का? तेही पुरेसे नाही. ल्यूमेन हे माप मानवी डोळ्याच्या संवेदनक्षमतेवर बेतलेले आहे. आपला डोळा ५५५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या हिरवट-पिवळ्या प्रकाशाला सर्वांत जास्त दाद देतो. ४५० नॅनोमीटरच्या निळ्या प्रकाशाला त्याच्या सुमारे पंचविसाव्या हिश्श्याइतकीच. शैवालातील हरितद्रव्य मात्र नेमका हा निळा प्रकाश उत्तम शोषते. त्यामुळे आपल्याला मंद भासणारा निळा दिवा शैवालाला भरपेट जेवण देत असेल, आणि डोळे दिपवणारा पिवळा दिवा त्या मानाने कमी देत असेल. योग्य माप म्हणजे ४०० ते ७०० नॅनोमीटर या पट्ट्यातील किती प्रकाशकण दर सेकंदाला एक चौरस मीटरवर पडतात हे मोजणे. त्याचे एकक मायक्रोमोल. उष्ण कटिबंधात निरभ्र दुपारी समुद्राच्या पृष्ठभागावर हा आकडा २००० च्या आसपास जातो. टाकीतल्या पुष्कळशा पोवळ्यांना याच्या दशांश-पंचमांश प्रकाशही पुरतो. हे मोजमाप दिव्याखाली नव्हे, तर पोवळे जिथे बसणार तिथे पाण्यात घ्यायचे असते.

दुसरा नियम निळेपणाचा. त्याला आधार आहे हे मान्य केले पाहिजे. स्वच्छ समुद्राच्या पाण्यात तांबडा प्रकाश पहिल्या दहा मीटरांतच जवळजवळ संपतो. निळा खोलवर जातो. परंतु यातून ‘जितका निळा तितका चांगला’ असा नियम निघत नाही. याचा पुरावा आपल्याच किनाऱ्यावर आहे.

कोल्हापूरहून घाट उतरून मालवणला गेलेल्या अनेकांनी सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासची पोवळी पाहिली असतील. १९८७ साली सागरी अभयारण्य म्हणून घोषित झालेल्या या भागात पाणी उथळ, पण गढूळ असते. गाळ आणि पाण्यात विरघळलेले सेंद्रिय पदार्थ निळा प्रकाश अडवतात आणि खाली पोहोचतो तो हिरवट उजेड. याउलट, किनाऱ्यापासून सुमारे शंभर किलोमीटर आत असलेल्या आंग्रिया बँक या बुडालेल्या पठारावर पाणी नितळ आहे, पण पठाराचा माथाच सुमारे २० मीटर खोल आहे. तिथे निळ्याचे राज्य. दोन्हीकडे पोवळी आहेत. मग ‘पोवळ्याचा प्रकाश’ कोणता म्हणायचा? ज्या जातीचे पोवळे ज्या पाण्यातून आणि ज्या खोलीवरून आले, तिथला प्रकाश हेच खरे उत्तर. माहितीपत्रकात हा प्रश्नच विचारलेला नाही.

तिसरा नियम सर्वांत घातक. प्रकाश एका मर्यादेपलीकडे गेला की प्रकाशसंश्लेषणाचा वेग वाढत नाही. जादा ऊर्जेमुळे ऑक्सिजनची विध्वंसक रूपे तयार होऊन पेशींना इजा होते. प्रखर दिव्याने पाणीही तापत असेल तर संकट दुहेरी होते. पोवळे शैवालाला बाहेर टाकते आणि पांढरे पडते. १९९८ साली आणि पुन्हा २०२३-२४ मध्ये जगभरच्या समुद्रांत पोवळी अशीच पांढरी पडली. तिथे मुख्य कारण तापलेले पाणी होते आणि प्रखर सूर्यप्रकाशाने त्यात भर घातली. मे महिन्यात कोल्हापुरातल्या बंद वर्गखोलीत हाच प्रकार छोट्या टाकीत घडवून आणणे अवघड नाही. म्हणून शंका आली तर दिवा मंद ठेवून हळूहळू वाढवावा. माहितीपत्रक नेमके उलटे सांगते.

आता माहितीपत्रकातील सर्वांत मोठा दोष, जो त्यात न लिहिलेल्या गोष्टीत आहे. भित्ती बांधणारी सर्व कठीण पोवळी, काळे पोवळे, अग्निपोवळे, समुद्रपंखे हे जीव २००१ साली वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घालण्यात आले. वाघाला जे संरक्षण, तेच यांना. ती किनाऱ्यावरून उचलून आणणे किंवा विकत घेणे हा गुन्हा आहे. दिव्याची चर्चा करणाऱ्याने हे आधी सांगायला हवे होते. आमच्या मित्रांना आम्ही स्पष्टच सांगितले की शाळेत प्रवाळांची टाकी करू नये.

मग मूळ प्रश्न सोडून द्यायचा का? मुळीच नाही. तो हायड्रिलावर तपासता येतो. तळ्यात सहज मिळणारी ही पाणवनस्पती चंचुपात्रात उलट्या नरसाळ्याखाली ठेवा, वर पाण्याने भरलेली परीक्षानळी पालथी घाला आणि पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा टाका. दिवा १०, २० आणि ४० सेंटिमीटरवर ठेवून दर मिनिटाला सुटणारे बुडबुडे मोजा. दिव्याची उष्णता अडवण्यासाठी मध्ये पाण्याने भरलेले काचेचे भांडे ठेवा. अंतर दुप्पट केल्यावर बुडबुडे निम्मे होतात की त्याहून कमी? अगदी जवळ आणल्यावर वाढ थांबते का? पुढे समान उजेडाचे, पण वेगवेगळ्या वॅटचे दोन दिवे घेऊन तुलना करा. वॅटचा नियम विद्यार्थी स्वतःच खोडून काढतील.

रंगीत जिलेटिन कागद लावून पाहायचे असेल तर एक सावधगिरी हवी. प्रत्येक कागद प्रकाशाचा रंग बदलतो तशी त्याची मात्राही कमी करतो. त्यामुळे निळ्या कागदाखाली बुडबुडे घटले म्हणून निळा प्रकाश निरुपयोगी ठरत नाही. ही पळवाट विद्यार्थ्यांनाच शोधू द्यावी. प्रयोगाचे खरे शिक्षण तिथे आहे.

शाळेच्या टाकीत पोवळे नसेल, पण खोक्यावरचा आकडा नेमके काय मोजतो आणि कोणासाठी मोजतो, असे विचारणारी मुले वर्गात असतील. मालवणच्या सहलीला गेल्यावर तीच मुले पाण्यातल्या पोवळ्याला हात न लावता त्याच्यावर पडलेल्या हिरवट उजेडाकडे पाहतील. आपल्या प्रयोगातील आकडे आम्हांला जरूर कळवावेत.