स्वभावचित्रणाचा प्रश्न आणि ‘श्यामची आई’

‘अमुक व्यक्तिरेखेचे स्वभावचित्र रेखाटा’ आणि ‘कलाकृतीचे आशयसूत्र स्पष्ट करा’ हे दोन प्रश्न साहित्याच्या अध्यापनात इतके रुळलेले आहेत की, त्यांच्यामागे एक वाङ्मयीन सिद्धान्त गृहीत धरलेला असतो हे सहसा ध्यानात येत नाही. पहिला प्रश्न असे मानतो की, व्यक्तिरेखा ही निवेदनापासून सुटी काढता येणारी वस्तू आहे. तिचे गुण मोजावेत, प्रत्येक गुणाला एक प्रसंग जोडावा आणि शेवटी गोळाबेरीज करावी. दुसरा प्रश्न असे मानतो की, आशय हा कलाकृतीत कोठेतरी एका वाक्यात साठवलेला असतो आणि तो शोधून बाहेर काढता येतो. ही गृहीतके कितपत टिकतात हे पाहण्यासाठी साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’ इतकी सोयीची संहिता मराठीत क्वचित सापडेल. खानदेशातल्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने तिला आणखी एक महत्त्व आहे. तिची कथाभूमी कोकणातली असली, तरी तिचा रूपबंध घडला तो बहुतांशी अमळनेर आणि धुळे या दोन गावी, असे म्हणण्यास जागा आहे.

या पुस्तकावरचा ठरीव निबंध आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. आई प्रेमळ आहे, पण शिस्तप्रिय आहे. गरीब आहे, पण स्वाभिमानी आहे. अशिक्षित आहे, पण सुसंस्कृत आहे. ‘मुकी फुले’मधून भूतदया, ‘श्यामचे पोहणे’मधून धैर्याची शिकवण, ‘अळणी भाजी’मधून परस्परांविषयीची समजूत अशी एकास एक वाटणी होते. आशयसूत्र म्हणून ‘मातृप्रेम’ किंवा ‘संस्कार’ हा शब्द येतो आणि निबंध संपतो. या लेखनाचा दोष आपण विद्यार्थ्यांच्या आळसावर किंवा बाजारातल्या मार्गदर्शकांवर ढकलतो. परंतु तेवढ्याने प्रश्न सुटत नाही. हा निबंध विद्यार्थ्याने बाहेरून आणलेला नसतो. तो बऱ्याच अंशी संहितेनेच आधी लिहून ठेवलेला असतो. श्याम प्रसंग सांगतो, त्याचा अर्थही तोच सांगतो आणि आईला वंदनही तोच करतो. विद्यार्थी केवळ निवेदकाची नक्कल करतो. म्हणून विचारायचे ते हे की, निवेदकाची नक्कल म्हणजे वाचन होय काय?

येथे वाङ्मयप्रकाराचा मुद्दा उपस्थित होतो. ‘श्यामची आई’ला कोणी कादंबरी म्हणतात, कोणी आत्मकथन, कोणी संस्कारकथांचा संग्रह. विस्ताराने आणि एककेंद्री रचनेमुळे ती लघुकादंबरीच्या जवळ जाते. परंतु तिचे घटक ‘प्रकरणे’ नाहीत, ‘रात्री’ आहेत. आश्रमात प्रार्थना आटोपल्यावर प्रौढ श्याम आपल्या तरुण सोबत्यांना आईच्या आठवणी सांगतो, अशी बेचाळीस रात्रींची चौकट लेखकाने योजिली आहे. १९३३ च्या फेब्रुवारीत, नाशिकच्या तुरुंगात असताना गुरुजींनी हे लेखन हाती घेतले. त्याच्या आदल्या वर्षी ते धुळ्याच्या तुरुंगात होते. तेथे २१ फेब्रुवारी ते १९ जून १९३२ या काळात दर रविवारी विनोबांनी गीतेवर अठरा प्रवचने दिली आणि ती गुरुजींनी उतरवून घेतली. एका वक्त्याचे बोलणे, त्याचे क्रमवार भाग, समोर जिज्ञासू श्रोते आणि प्रत्येक भागाच्या शेवटी जीवनाला लागू पडणारा बोध, हा घाट त्यांच्या लेखणीतून त्या चार महिन्यांत अक्षरशः गेला होता. त्याही आधी, १९२४ ते १९३० या काळात ते अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते. तेथील छात्रालय त्यांच्याकडे होते आणि मुलांसाठी ते ‘छात्रालय’ हे हस्तलिखित दैनिक काढीत. घरापासून दूर राहणाऱ्या मुलांशी बोलणारा वडीलधारा माणूस ही श्यामची भूमिका छात्रालयातली आहे. बोलण्याचा क्रमबद्ध, प्रवचनवजा घाट धुळ्यातला आहे. पालगडच्या घरातून आलेली आहे ती सामग्री.

हे मान्य केले म्हणजे व्यक्तिचित्रणाविषयीचे आपले नेहमीचे परिमाण अपुरे ठरते. फॉर्स्टरने १९२७ साली केलेला सपाट आणि घन व्यक्तिरेखांचा भेद आपल्या वर्गांत अजूनही सर्रास वापरला जातो. त्या भेदाने आईला तपासले की, ती ‘सपाट’ ठरते आणि भाविक वाचक दुखावतो. किंवा तिला ओढूनताणून ‘घन’ ठरवावे लागते. दोन्ही उत्तरे चुकतात, कारण प्रश्नच चुकीचा आहे. या पुस्तकातील आई ही आठवलेली आणि सांगितलेली आई आहे. शीर्षकातही तिला स्वतःचे नाव नाही. ती ‘श्यामची’ आहे. याचा सर्वांत ठळक पुरावा शेवटच्या रात्रींत मिळतो. ‘आईचा शेवटचा आजार’, ‘सारी प्रेमाने नांदा’ आणि ‘शेवटची निरवानिरव’ या तीन रात्रींत आईच्या अंथरुणाशेजारचे बोलणे तपशीलवार येते. पण श्याम तेथे नाही. तो शिक्षणासाठी दूर आहे आणि घरी पोचतो तेव्हा सारे संपलेले असते. पुढच्या रात्रीचे नावच ‘भस्ममय मूर्ती’ असे आहे. म्हणजे संपूर्ण पुस्तकातला सर्वाधिक हृदयद्रावक भाग निवेदकाने पाहिलेला नाही. तो ऐकलेल्या आणि कल्पिलेल्या गोष्टींतून उभा केला आहे. ज्या मुलाला आईच्या शेवटच्या क्षणी जवळ असता आले नाही, तो मुलगा बेचाळीस रात्री तिच्याजवळ बसून राहतो. या पुस्तकाची करुणा आईच्या सद्गुणांतून जितकी उत्पन्न होते, त्याहून अधिक या अनुपस्थितीतून उत्पन्न होते. स्वभावचित्राच्या निबंधात मात्र या गोष्टीला स्थान नसते. ती कोणत्याही ‘गुणा’खाली मांडता येत नाही.

खानदेशातच याला एक बोलके प्रतिरूप आहे. १९९० साली जळगावला स्थापन झालेल्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला २०१८ साली ज्यांचे नाव दिले गेले, त्या बहिणाबाई चौधरींची गाणीही मुलाच्या हातून आपल्यापर्यंत आली. बहिणाबाई निरक्षर होत्या. सोपानदेवांनी आणि आप्तांनी गाणी उतरवून घेतली आणि १९५२ साली अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ती प्रसिद्ध झाली. तेथे आई बोलते आणि मुलगा लेखनिक होतो. तिची बोली, तिचे शेत, तिची थट्टा हे सारे तिच्याच शब्दांत टिकते. ‘श्यामची आई’त मुलगा बोलतो आणि आई त्याच्या भाषेत बोलते, म्हणून कोकणातल्या घरातली ही स्त्री पुष्कळदा ग्रंथातल्यासारखी, नीतिवचनांत बोलते. यातले एक श्रेष्ठ आणि दुसरे कनिष्ठ असे येथे सुचवायचे नाही. मात्र दोन्ही ठिकाणी ‘आई कशी होती?’ हाच प्रश्न विचारणारा अभ्यासक या दोन रूपबंधांतला फरक पुसून टाकतो.

आता आशयसूत्राकडे वळू. ‘मातृप्रेम’ या शब्दाखाली जे झाकले जाते त्यात सर्वांत मोठे आहे ते कर्ज. ‘कर्ज म्हणजे जिवंतपणीचा नरक’ या बत्तिसाव्या रात्रीपासून ‘अब्रूचे धिंडवडे’ या सदतिसाव्या रात्रीपर्यंत पुस्तक जवळजवळ एका खोत घराण्याच्या आर्थिक ऱ्हासाची बखर होते. जमीन विकून कर्जातून मोकळे व्हावे, असे आई सुचवते. वडिलांना ते घराण्याच्या प्रतिष्ठेला बट्टा लावणारे वाटते आणि बाईमाणसाला त्यातले काय कळते, या भावनेने ते बाजूला सारले जाते. अखेरीस जमीनही जाते आणि प्रतिष्ठाही. म्हणजे व्यवहाराचा निर्णय जिला बरोबर कळला होता, तिला निर्णयाचा अधिकार नव्हता. आईचे हे शहाणपण स्वभावचित्राच्या यादीत ‘काटकसरी’ एवढ्या एका शब्दात आटोपले जाते. ज्या प्रदेशात कापसाच्या भावावर आणि पावसावर घरे उभी राहतात वा मोडतात, तेथील विद्यार्थ्याला ही प्रकरणे समजावून सांगावी लागू नयेत. किंबहुना तोच त्यांचा अधिकारी वाचक आहे. परंतु उत्तरपत्रिकेत त्याने आपले हे ज्ञान वापरावे असे त्याला कोणी सांगितलेले नसते. तो घरी अहिराणीत वा लेवा बोलीत जे जाणतो, ते निबंधाच्या प्रमाण भाषेत शिरू देत नाही.

दुसरी झाकली जाणारी गोष्ट जातीची. ‘देवाला सारी प्रिय’ या रात्री एका वृद्ध महार स्त्रीला डोक्यावरची मोळी उचलवत नाही. आई श्यामला तिच्या मदतीला पाठवते आणि नंतर घरी येऊन स्नान करण्यास सांगते. ‘आईने अस्पृश्यता मानली नाही’ असे निबंधात सरसकट लिहिले जाते. संहिता तसे म्हणत नाही. तिच्यात करुणा आणि विटाळ एकाच सूचनेत शेजारी नांदतात. आईच्या करुणेला येथे रूढीची मर्यादा आहे आणि लेखकाने ती खोडून टाकलेली नाही. १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून उपोषणाला बसलेले गुरुजी आणि त्या स्नानाची आठवण प्रामाणिकपणे नोंदविणारा निवेदक, यांच्यातले अंतर हाच वाचनाचा विषय व्हायला हवा. ते स्नान वगळून लिहिलेला निबंध आईला थोर करीत नाही. तो लेखकाचा प्रामाणिकपणा तेवढा हिरावून घेतो. शिवाय त्या मोळीवालीच्या बाजूने हा प्रसंग वाचणारा विद्यार्थी आज वर्गात बसलेला आहे, याचाही त्या निबंधाला विसर पडतो.

या सुलभीकरणाला १९५३ च्या चित्रपटानेही हातभार लावला. अत्र्यांच्या या चित्रपटाला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले आणि वनमालांची आई मराठी मनात कायमची बसली. पडद्यावर आई प्रत्यक्ष समोर येते, आणि ‘सांगणारा’ मागे सरतो. पुष्कळ निबंध पुस्तकावर लिहिलेले असूनही त्यांतली आई पडद्यावरून आलेली असते.

यावर असा आक्षेप घेतला जाईल की, इतकी चिकित्सा या पुस्तकाला सोसवणार नाही. ते भक्तिभावाने वाचायचे पुस्तक आहे. उलट बाजूने, त्याला भाबडे आणि रडके ठरवून मोकळे होणारेही आहेत. वरवर परस्परविरोधी असलेले हे दोन पक्ष एका गोष्टीवर एकमत आहेत: पुस्तकात निवेदक नाही, फक्त आई आहे. एक तिच्यापुढे हात जोडतो, दुसरा तोंड फिरवतो. वाचत कोणीच नाही. चिकित्सेने पुस्तक लहान होईल ही भीती अनाठायी आहे. शेवटच्या रात्री न पाहिलेल्या आहेत हे कळल्यावर त्या अधिकच जड होतात, हा अनुभव कोणत्याही सावध वाचकाला घेता येईल.

तेव्हा प्रश्नच बदलणे अगत्याचे आहे. ‘आईचे स्वभावचित्र रेखाटा’ याऐवजी ‘आईचे कोणते प्रसंग श्यामने पाहिले आणि कोणते ऐकले, याचा निवेदनावर काय परिणाम झाला?’ असे विचारता येईल. ‘आशयसूत्र सांगा’ याऐवजी ‘निवेदक जो बोध सांगतो, त्यात त्याच रात्रीचा कोणता तपशील मावत नाही?’ असे विचारता येईल. अळणी भाजीचेच उदाहरण घ्यावे. भाजीत मीठ नाही हे आईला कळते, कारण ती सर्वांच्या मागून जेवते. निवेदकाचा बोध वडिलांच्या न बोलण्याविषयी आणि आईला झालेल्या खंतीविषयी आहे. जेवणाच्या क्रमाविषयी तो काही बोलत नाही, पण तो क्रम कथेत आहे. ज्या विद्यार्थ्याला तो दिसला, त्याने समीक्षेचे पहिले वाक्य लिहिले असे समजावे. त्या वाक्याला गुण देण्याची तयारी परीक्षकाने ठेवायला हवी. ती नसेल, तर मार्गदर्शकांना दोष देण्याचा अधिकार आपल्याला उरत नाही.