‘एकमेव’ ओळखक्रमांक : एका संज्ञेची चिकित्सा

संगणकशास्त्रात ‘एकमेव ओळखक्रमांक’ ही संज्ञा इतकी रूढ झाली आहे की, तिच्यातील ‘एकमेव’ हे विशेषण नेमके कशाला लागू पडते, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. क्रमांक एकमेव, की त्या क्रमांकाने निर्दिष्ट होणारी वस्तू एकमेव?

एडगर कॉड याने १९७० साली संबंधात्मक डेटाबेसची उपपत्ती मांडली, तेव्हा नोंद ओळखण्याचे काम त्याने ‘प्रायमरी की’कडे, म्हणजे त्या नोंदीतीलच एखाद्या गुणाकडे वा गुणसमूहाकडे सोपविले. नैयायिकांच्या परिभाषेत बोलायचे तर ओळख लक्षणावर, वस्तूच्या असाधारण धर्मावर, उभी राहिली. परंतु धर्म पालटतात. दोन कंपन्या एक झाल्या तर नोकरांचे अनुक्रमांक बदलावे लागतील, ही अडचण १९७९ च्या निबंधात कॉडनेच दाखविली आणि ‘सरोगेट’ची कल्पना पुढे केली. सरोगेट म्हणजे यंत्राने निर्माण केलेले, वापरणाऱ्याला बदलता न येणारे, किंबहुना त्याच्या दृष्टीसही न पडणारे चिन्ह. लक्षणाची जागा संकेताने घेतली.

याच निबंधातील एक बारकावा अतिशय महत्त्वाचा आहे. एकाच वस्तूला अनवधानाने दोन सरोगेट मिळाल्यास ती एक करण्याची आज्ञाही कॉडने योजली आहे. म्हणजे, एक क्रमांक दोन वस्तूंना लागू होण्याचा दोष संकेत टाळतो. एका वस्तूला दोन क्रमांक मिळण्याचा दोष मात्र त्याला टाळता येत नाही, हे कॉडला पुरते ठाऊक होते. रुग्णालयात एकाच रोग्याच्या दोन नोंदी झाल्या, तर दोन्ही क्रमांक निर्दोषपणे एकमेवच असतात. पण अमुक औषध त्याला सोसत नाही ही टीप पहिल्या नोंदीत राहते आणि औषध दुसरीवरून दिले जाते. ‘एकमेव’ या शब्दाचा दिलासा येथे फसवा ठरतो.

क्रमांकाची स्वतःची एकमेवता तरी कशी साधते? ‘यूयूआयडी’ या १२८ बिटांच्या क्रमांकाच्या पहिल्या प्रकाराने ती काल आणि स्थान यांवरून साधली. काल १५ ऑक्टोबर १५८२ पासून, सेकंदाच्या एक कोट्यंश भागांत मोजलेला (ग्रेगरीय पंचांगाचा हा आरंभदिन विद्युत्‌यंत्राच्या पोटात सापडावा, हे गमतीचेच). स्थान म्हणजे यंत्राच्या जाळे-पत्रिकेचा ४८ बिटांचा पत्ता. पण असा क्रमांक चहाडखोर असतो. मार्च १९९९ मध्ये ‘मेलिसा’ विषाणू पसरला, तेव्हा त्याच्या कर्त्याच्या शोधात वर्डच्या दस्तऐवजात दडलेल्या अशाच क्रमांकाचा उपयोग झाला. तेथे गुन्हेगार सापडला म्हणून समाधान मानता येईल. पण निनावी पत्रक लिहिणारा निरपराध माणूसही त्याच वाटेने सापडू शकतो.

चौथा प्रकार हा दोष टाळतो. त्यातील १२२ बिट निव्वळ यदृच्छेने ठरतात. सुमारे २७ परार्ध क्रमांक निर्माण केल्यावर त्यांत एखादी द्विरुक्ती असण्याची शक्यता निम्मी होते. ही एकमेवता तर्कसिद्ध नसून संभाव्य आहे, आणि यदृच्छेचे साधन सदोष असेल तर तेवढीही नाही. तरी वस्तूविषयी काहीच न बोलणारा हा क्रमांक कॉडच्या कल्पनेच्या सर्वांत जवळ जातो.

मे २०२४ च्या नव्या प्रमाणलेखाने सातवा प्रकार आणला आणि काळ पुन्हा क्रमांकात शिरला : आरंभीचे ४८ बिट १९७० पासूनचे मिलिसेकंद सांगतात. नव्या नोंदी अनुक्रमाने लागून सूची जलद चालते, हा लाभ खरा आहे. पण क्रमांक पाहणाऱ्या कोणालाही नोंदीची जन्मवेळ वाचता येते. सुरक्षिततेचा संबंध येईल तेथे चौथा प्रकारच वापरावा, असे तोच प्रमाणलेख सांगतो. कॉडचे सरोगेट वापरणाऱ्याला दिसतच नव्हते. आजचे क्रमांक पत्त्यांतून, पावत्यांतून, दुव्यांतून उघड फिरतात. सूचीची सोय यंत्राच्या आत भागविता येण्याजोगी असताना तिचा भार नावावर टाकणे समर्थनीय वाटत नाही.