‘अयोध्येचा राजा’: तारामतीचा स्वतःचा आवाज

शिवऱ्यावरून जाणारा हायवे ज्या कोल्हापूरला पोचतो, तिथे ‘प्रभात’ने १९३२मध्ये ‘अयोध्येचा राजा’ हा बोलपट काढला. दिग्दर्शक व्ही. शांताराम, संगीत गोविंदराव टेंबे यांचं, हरिश्चंद्रही तेच.

तेव्हा पार्श्वगायन नव्हतं. नट शूटिंग चालू असतानाच गात. त्यामुळे गाणं आलं की पात्रं जागीच थबकतात. रील्स पाहणाऱ्याला हे नाटकी वाटेल. पण स्किप करू नका. वचनापायी बायको-मुलाला विकायला काढणारा नवरा आज खटकतोच. त्याच्या सत्त्वाच्या गोष्टीत तारामतीला फारसं कुणी विचारत नाही. गाण्यात मात्र दुर्गा खोटे स्वतःच्या गळ्याने बोलतात. तिथे सिनेमा थांबतो आणि आपल्याला तिचं ऐकावंच लागतं.