मराठीतील स्मार्टफोन-परीक्षण : स्वरूप, भाषा आणि मर्यादा

प्रस्तावना

वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतून, नियतकालिकांच्या सदरांतून आणि वृत्तसंस्थळांवरून मोबाइल फोनविषयीचे मराठी लेखन नित्यनेमाने प्रसिद्ध होत असते. या लेखनाचे स्थूलमानाने तीन प्रकार करता येतात. नव्या फोनच्या आगमनाची वार्ता हा पहिला, सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीची बातमी हा दुसरा आणि 'कोणता फोन घ्यावा' याविषयीचा सल्ला हा तिसरा प्रकार होय. वाङ्मयीन समीक्षेच्या कक्षेत हे लेखन सहसा येत नाही. ते उपयोजित स्वरूपाचे, अल्पजीवी आणि व्यवसायसापेक्ष आहे, असे त्याचे कारण दिले जाते. परंतु वाचून लगेच कृती करावी अशा हेतूने मराठी माणूस जे गद्य वाचतो, त्यात या लेखनाचा समावेश करावा लागेल. परीक्षेचा अर्ज, शिष्यवृत्ती, बँकव्यवहार आणि अध्ययनसाहित्य या सर्वांसाठी आपले विद्यार्थी ज्या एका वस्तूवर अवलंबून असतात, तिची निवड बहुधा या लेखनाच्या आधारे होते. म्हणून त्याची चिकित्सा होणे अगत्याचे आहे.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपाद्य थोडक्यात असे : मराठीतील स्मार्टफोन-परीक्षण हे खरेदीच्या दिवसाचे वर्णन आहे, वापराच्या वर्षांचे मूल्यमापन नव्हे. फोनचे आयुष्य ज्यावर ठरते ती सॉफ्टवेअर-अद्ययावतीकरणाची बाब या लेखनात बातमी म्हणून येते, निकष म्हणून येत नाही.

परीक्षण या संज्ञेचा अर्थ

'परीक्षण' या शब्दाची व्युत्पत्ती परि + ईक्षण अशी आहे. सर्व बाजूंनी पाहणे, हा तिचा अर्थ. ग्रंथपरीक्षणाच्या परंपरेत परिचय, विश्लेषण आणि मूल्यमापन अशा तीन पायऱ्या गृहीत धरलेल्या असतात. परीक्षणासाठी हाती आलेली ग्रंथाची प्रत पुढे बदलत नाही. त्यामुळे एकदा केलेले परीक्षण त्या प्रतीपुरते कायम राहते. स्मार्टफोनचे तसे नाही. विक्रीनंतरही त्याची कार्यप्रणाली बदलत राहते. नवी सुविधा येते, जुनी जाते, सुरक्षेतील छिद्र बुजवले जाते किंवा उघडे राहते. म्हणजे ज्या वस्तूचे परीक्षण करावयाचे ती काळाच्या ओघात घडणारी वस्तू आहे. तिच्यासाठी एका आठवड्याच्या वापरावरचे परीक्षण पुरेसे मानणे ही मुळातच पद्धतीची चूक होय.

लेखनाचा साचा आणि विशेषणांची भाषा

या परीक्षणांचा साचा वाचकाच्या परिचयाचा आहे. आरंभी कंपनीने फोन सादर केल्याची वार्ता, मग पडदा, कॅमेरा, बॅटरी, रॅम आणि साठवणक्षमता यांचे आकडे, त्यानंतर किंमत व सवलत, आणि शेवटी 'या किमतीत उत्तम पर्याय' असा निर्वाळा. आकड्यांच्या जोडीला ठरावीक विशेषणे येतात : बॅटरी 'दमदार', कॅमेरा 'जबरदस्त', सवलत 'धमाकेदार'. विशेषणाचे काम भेद दाखविण्याचे असते. प्रत्येक फोनची बॅटरी दमदार असेल, तर त्या शब्दाने कोणताच भेद दाखविला जात नाही. अशा वेळी परीक्षणाची भाषा आणि जाहिरातीची भाषा यांतील सीमारेषा पुसली जाते.

या लेखकांचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. मेगापिक्सेलची संख्या वाढली म्हणून छायाचित्र चांगले येतेच असे नाही, ही गोष्ट त्यांतील जाणत्यांनी सोप्या मराठीत वारंवार समजावून सांगितली आहे. क्लिष्ट तांत्रिक आशय बोलभाषेच्या जवळ आणण्याचे काम या सदरांनी केले, हे मान्यच करावे लागेल. आक्षेप आहे तो साच्याविषयी. या साच्यात 'हा फोन किती वर्षे सुरक्षित राहील?' या प्रश्नासाठी जागाच ठेवलेली नसते.

'अपडेट' या शब्दाची संदिग्धता

'अपडेट' हा शब्द मराठीत आता रुळला आहे आणि त्याला विरोध करण्यात अर्थ नाही. परंतु या एकाच शब्दाखाली किमान तीन भिन्न गोष्टी एकत्र केल्या जातात. पहिली, कार्यप्रणालीची नवी आवृत्ती, दुसरी, सुरक्षा-दुरुस्ती, आणि तिसरी, एखाद्या ॲपमध्ये होणारा बदल. बातमीत बहुधा पहिलीला स्थान मिळते, कारण तिच्यात नवे रूप आणि नव्या सुविधा असतात. दुसरीकडे दुर्लक्ष होते, कारण ती दिसत नाही.

वास्तविक सामान्य वापरकर्त्याच्या दृष्टीने दुसरी सर्वांत महत्त्वाची. २०१५ च्या जुलैमध्ये अँड्रॉइडमधील 'स्टेजफ्राइट' नावाने ओळखली गेलेली त्रुटी उघड झाली. केवळ एका चित्रफीत-संदेशाद्वारे फोनमध्ये शिरकाव करता येण्याची शक्यता तीमुळे निर्माण झाली होती. त्यानंतर ऑगस्ट २०१५ पासून गूगलने दरमहा सुरक्षा-पत्रक प्रसिद्ध करण्यास प्रारंभ केला. परंतु गूगलने दुरुस्ती तयार केली म्हणजे ती प्रत्येक फोनवर पोहोचली असे होत नाही. ती आपल्या फोनला जुळवून पाठविण्याचे काम उत्पादकाला करावे लागते, आणि तेथेच विलंब होतो किंवा काम थांबते. 'चार वर्षे अपडेट' असे वाक्य परीक्षणात येते तेव्हा ती चार वर्षे आवृत्त्यांची की सुरक्षा-दुरुस्त्यांची, आणि त्या दुरुस्त्या दरमहा येणार की तीन महिन्यांनी, याचा उलगडा झाला नाही तर ते वाक्य माहितीचा केवळ आभास निर्माण करते.

मराठीचा दाखला

अद्ययावतीकरणाचा प्रश्न केवळ तांत्रिक नाही, तो भाषिकही आहे. अँड्रॉइडच्या आरंभीच्या आवृत्त्यांवर देवनागरी जोडाक्षरे नीट उमटत नसत. ही स्थिती पुढील आवृत्त्यांत सुधारत गेली. फोनची संपूर्ण भाषा म्हणून मराठी निवडण्याची सोय मूळ अँड्रॉइडमध्ये २०१४ च्या ५.० या आवृत्तीत आली. काही उत्पादकांनी ती स्वतंत्रपणे आधी दिली होती.

याच वर्षी, सप्टेंबर २०१४ मध्ये, गूगलने 'अँड्रॉइड वन' ही योजना भारतात सुरू केली. मायक्रोमॅक्स, कार्बन आणि स्पाइस या कंपन्यांचे फोन ६,३९९ रुपयांपासून उपलब्ध झाले. ते ४.४ या आवृत्तीवर चालत, पण पुढील आवृत्त्या देण्याचे आश्वासन योजनेतच अंतर्भूत होते. २०१५ मध्ये त्यांना ५.१ ही आवृत्ती मिळाली. त्याच किमतीचा, कदाचित अधिक आकडे मिरविणारा, परंतु ४.४ वरच थांबलेला दुसरा फोन घेणाऱ्याला ही सोय मिळाली नाही. जानेवारी २०२५ मध्ये व्हॉट्सॲपने ४.४ या आवृत्तीचा आधार थांबविला, तेव्हा त्या आवृत्तीवर अडकलेले फोन त्या सेवेलाही मुकले. हे दोन फोन खरेदीच्या दिवशी शेजारी ठेवले असते तर त्यांत फारसा फरक जाणवला नसता. फरक काळाने दाखविला, आणि मराठी वाचकासाठी तो त्याच्या भाषेचाच फरक होता.

पुढे भारतीय मानक ब्युरोच्या आयएस १६३३३ या मानकान्वये फोनवर भारतीय भाषांच्या वाचनाची, तसेच इंग्रजी, हिंदी व आणखी एका भारतीय भाषेत मजकूर लिहिण्याची सोय आवश्यक ठरली. म्हणजे शासनाने भाषेचा निकष मानला. आपल्या परीक्षणांत मात्र मराठी कळफलक, जोडाक्षरांची मांडणी किंवा मराठी श्रुतलेखन यांवर स्वतंत्र परिच्छेद क्वचितच आढळतो. मराठीत लिहिलेले परीक्षण मराठीविषयीच मौन पाळते, हा यातील अंतर्विरोध होय.

कालगणनेचा प्रश्न

अलीकडे उत्पादकांनी आश्वासनाचा कालावधी वाढविला आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये गूगलने पिक्सेल ८ साठी आणि जानेवारी २०२४ मध्ये सॅमसंगने गॅलेक्सी एस २४ साठी सात वर्षांच्या अपडेटची घोषणा केली. त्याच वर्षी गॅलेक्सी ए १६ या तुलनेने स्वस्त फोनसाठी सहा वर्षे जाहीर झाली. ही घोषणा बातम्यांत ठळकपणे आली. परंतु ही वर्षे कोणत्या दिवसापासून मोजावयाची, हा प्रश्न मागे राहिला. गूगलची सात वर्षे तो फोन अमेरिकेतील गूगल स्टोअरवर प्रथम उपलब्ध झाल्याच्या दिवसापासून मोजली जातात, ग्राहकाच्या पावतीवरील तारखेपासून नव्हे.

याचा परिणाम एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. ऑक्टोबर २०२२ मध्ये बाजारात आलेल्या फोनला चार वर्षे सुरक्षा-दुरुस्त्या मिळणार आहेत. तो २०२४ च्या दिवाळीत सवलतीने १६,००० रुपयांना घेतला, तर दोनच वर्षे उरतात. वर्षाला ८,००० रुपये पडतात. त्याच दिवाळीत नुकताच आलेला, सहा वर्षांच्या आश्वासनाचा फोन २१,००० रुपयांना घेतला, तर वर्षाला ३,५०० रुपये पडतात. मध्यंतरी बॅटरी बदलण्याचा खर्च धरला तरी दुसरा फोन स्वस्त ठरतो. 'धमाकेदार सवलत' हे शीर्षक देणारा लेख ही साधी भागाकाराची आकडेमोड वाचकापुढे ठेवत नाही.

युरोपीय संघाने कालगणनेची ही बाजू नेमकी ओळखली. २० जून २०२५ पासून लागू झालेल्या तेथील नियमांनुसार, उत्पादक कार्यप्रणालीची जी अपडेट पुरवतील ती त्या मॉडेलचा शेवटचा नग बाजारात आणल्यापासून किमान पाच वर्षे विनामूल्य उपलब्ध राहावयाची आहेत. बॅटरीने ८०० भारणचक्रांनंतर किमान ८० टक्के क्षमता राखावी, अशीही अट त्यात आहे. भारतात डिसेंबर २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने 'दुरुस्तीचा हक्क' हे संकेतस्थळ सुरू केले. त्याचा भर दुरुस्ती, सुटे भाग आणि हमी यांच्या माहितीवर आहे. सॉफ्टवेअरचे आयुष्य हा विषय आपल्याकडे अद्याप ग्राहकचर्चेच्या केंद्रस्थानी यावयाचा आहे, आणि तो आणण्याचे काम परीक्षकच करू शकतात.

अपडेटची दुसरी बाजू

अपडेट आले म्हणजे भलेच झाले, असेही मानता येत नाही. जुनी बॅटरी असलेल्या आयफोनचा वेग सॉफ्टवेअरद्वारे मर्यादित केल्याचे ॲपलने डिसेंबर २०१७ मध्ये मान्य केले, दिलगिरी व्यक्त केली आणि बॅटरी बदलण्याचे शुल्क अमेरिकेत ७९ डॉलरवरून २९ डॉलरवर आणले. ऑक्टोबर २०१८ मध्ये इटलीच्या स्पर्धा प्राधिकरणाने जुन्या फोनवरील अपडेटच्या प्रकरणी ॲपलला एक कोटी आणि सॅमसंगला पन्नास लाख युरोंचा दंड केला. फ्रान्समध्ये फेब्रुवारी २०२० मध्ये ॲपलला अडीच कोटी युरोंचा दंड भरावा लागला. ग्राहकाला पुरेशी माहिती दिली नाही, हा तेथील मुख्य आक्षेप होता. म्हणून 'नवी आवृत्ती आली, त्वरित घ्या' ही बातमीही अपुरीच. सुरक्षा-दुरुस्ती विनाविलंब घ्यावी, मोठी आवृत्ती मात्र त्याच मॉडेलच्या वापरकर्त्यांचा अनुभव पाहून घ्यावी, असा विवेक वाचकाला शिकविणे हे परीक्षकाचे कार्य आहे.

परीक्षकाची स्वायत्तता आणि एक आक्षेप

परीक्षणासाठीचा फोन अनेकदा कंपनीकडून मिळतो आणि लेखाखालील खरेदीदुव्यांतून प्रकाशनाला उत्पन्नही मिळू शकते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, शिफारस करणाऱ्याचा उत्पादकाशी असलेला महत्त्वाचा संबंध उघड करणे आवश्यक आहे. ग्रंथपरीक्षकालाही प्रत भेट मिळते. परंतु ग्रंथ विकला गेला म्हणून त्याला वाटा मिळत नाही. हा भेद लक्षात घेतला पाहिजे.

येथे असा आक्षेप घेतला जाईल की परीक्षकाला भविष्य कसे कळावे? आक्षेप रास्त आहे. परंतु भविष्य कळत नसले तरी भूतकाळ उपलब्ध असतो. त्या कंपनीने याच किमतीच्या मागील फोनला दिलेला शब्द पाळला काय, हे तपासता येते. दोन वर्षांपूर्वी 'उत्तम' ठरविलेला फोन आज कोणत्या महिन्याच्या सुरक्षा-दुरुस्तीवर आहे, हे त्याच्या सेटिंग्जमध्ये पाहून लिहिता येते. असे पुनर्परीक्षण करण्यास तंत्रज्ञानाची नव्हे, उत्तरदायित्वाची गरज आहे.

निष्कर्ष

१. मराठीतील स्मार्टफोन-परीक्षण परिचयाच्या पातळीवर समर्थ असले तरी मूल्यमापनाच्या पातळीवर अपुरे आहे.

२. 'अपडेट' या शब्दाचे आवृत्ती, सुरक्षा-दुरुस्ती आणि ॲपबदल असे विभाजन करूनच लेखन व्हावे.

३. प्रत्येक परीक्षणात सुरक्षा-दुरुस्तीची अखेरची अपेक्षित तारीख आणि उरलेल्या वर्षांनुसार पडणारी वार्षिक किंमत द्यावी.

४. मराठीचा वापर हा परीक्षणाचा स्वतंत्र निकष असावा.

५. एक-दोन वर्षांनंतर पुनर्परीक्षण करण्याची प्रथा सुरू व्हावी.

'सर, कोणता फोन घेऊ?' असा प्रश्न विद्यार्थी आपणांस विचारतात, तेव्हा आपणही नकळत याच लेखनातील आकडे उद्धृत करतो. त्याऐवजी 'तो कोणत्या तारखेपर्यंत सुरक्षित राहील, हे आधी शोधून ये' असे उत्तर दिले, तर तो चिकित्सेचा पहिला पाठ ठरेल. आणि त्याच्या पालकांचे कष्टाचे पैसेही वाचतील.